रक्तदाबाला कोणता राग?

प्रश्न : यजमानांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या एका यादीत रक्तदाबासाठी दरबारी राग ऐका असं आहे. रोज लावते, पण ऐकून झाल्यावर मशीनवर कधीकधी आकडा उलट जास्तच दिसतो. असं का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, त्या यादीवर विसंबू नका. शरीर आधी लय आणि आवाजाची पातळी पकडतं, रागाचं नाव नाही. दरबारीचंच बघा. आलाप (ठेका सुरू होण्याआधीचं गाणं) आणि विलंबित (संथ लयीचा भाग) संथ असतं. पण द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, सुरू झालं की मिनिटाला दोनशेच्या वर मात्रा (ठेक्याचे ठोके) सहज जातात, भरभर सुरांच्या ताना सुटतात. लय चढली की ऐकणाऱ्याचा श्वास नकळत भरभर चालतो, मागोमाग नाडी आणि दाबही थोडे चढतात. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकून लगेच पट्टा बांधला, तर त्या चढाचाच आकडा दिसणार.

इटलीतले संशोधक लुसियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००६ साली २४ जणांवर केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. जलद लयीच्या संगीताने श्वास, नाडी आणि दाब वाढले. मध्ये दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा हे तिन्ही संगीत ऐकण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेले. म्हणजे गाणं संपल्यानंतरची शांतताही ऐकण्याचाच भाग धरायची.

तेव्हा असं करा : आलाप आणि विलंबित मिळून वीस-पंचवीस मिनिटं लावा, द्रुत सुरू होण्याआधी बंद करा. आवाज इतकाच, की शेजारी बसलेल्याशी हळू बोलता यावं. ऐकताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. मग पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि मग मोजायचं. दरबारी आवडत नसेल तर आवडीचं संथ काहीही चालेल. नावडतं गाणं जबरदस्तीने ऐकून मन निवत नाही. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात झोप येत नाही म्हणून कानात इअरफोन घालून जुनी गाणी लावतो. सकाळी डोकं जड. — वाचक, महाल

उत्तर : कूलरवर मात करायला तुम्ही आवाज वाढवत नेता, घोळ तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ऐकण्याची मर्यादा ८० डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) आठवड्याला ४० तास. ८३ ला ती निम्मी, २० तास. रात्रभर इअरफोन राहिला तर पाच-सहा रात्रींतच ४० तास भरतात. शिवाय ओळखीच्या गाण्यात मन पुढच्या ओळीची वाट बघत जागं राहतं. इअरफोन काढा. शब्द नसलेली बासरी किंवा सतार मोबाइलच्या स्पीकरवर हळू लावा, ४५ मिनिटांचा टायमर ठेवा आणि एकामागून एक आपोआप वाजणं बंद करा, नाहीतर मध्यरात्री जाहिरात दचकवून उठवते. कूलर खडखडत असेल तर पंख्याचे आणि खिडकीतल्या स्टँडचे नटबोल्ट आवळा. एकसुरी घरघर बहुतेकांना झोपू देते. झोप मोडते ती अधूनमधून होणाऱ्या खडखडाटाने.

प्रश्न : अंबाझरी तलावावर फिरताना कोणती गाणी? — वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ठेका १५ सेकंद मोजून चारने गुणा. ११० ते १२० आलं तर झपझप चालायला ते गाणं बरोबर; शेवटची पाच मिनिटं संथ काहीतरी. रस्त्याच्या बाजूचा कान मोकळा ठेवा.