दहाव्या पानाच्या पुढे

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुमची पिढी पुस्तके वाचत नाही, हे घरीदारी ऐकून राग येतो, असे तू लिहिलेस. आणि त्याच पत्रात, कादंबरी हाती घेतली की दहा पानांपुढे मन लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलेस. तुझा राग रास्त आहे. दुसऱ्या तक्रारीवर मात्र तू लगेच काही करावेस, असे मला वाटते.

तरुण वाचत नाहीत, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर यावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या परिसरात दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात आणि खेड्यापाड्यांतून आलेली विशी-बाविशीतली मुले-मुली परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून, उरलेल्या पैशांत किती पुस्तके बसतात याचा हिशेब करत उभी असतात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ मराठीत विकत घेऊन तिथल्या तिथे उघडणारा तरुण मी पाहिला आहे. ज्याला पुस्तकातून स्वतःच्या आयुष्याविषयी काही मिळवायचे आहे, तो कोणत्याही काळात वाचतो.

आता तू रोज जिथे बसतेस त्या अभ्यासिकेकडे बघ. सकाळी बॅग ठेवून जागा धरायची, टेबलावर पाण्याची बाटली, चालू घडामोडींचे मासिक आणि सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मांडायचा आणि रात्रीपर्यंत उठायचे नाही, हे तुम्हा सगळ्यांना जमते. म्हणजे बैठकीची कमतरता नाही. पाठीमागच्या कपाटातील कथा-कादंबऱ्यांना मात्र कुणाचा हात लागत नाही. परीक्षेसाठी वाचताना तू हातात हायलायटर धरतेस आणि प्रत्येक ओळीला ‘हे विचारतील का?’ असा प्रश्न करतेस. कादंबरीही नकळत तशीच वाचू लागतेस आणि दहा पानांत मुद्दा सापडला नाही की वेळ वाया गेल्यासारखे वाटते. तुझ्या अडचणीचे मूळ मला मोबाइलइतकेच या सवयीत दिसते.

मोबाइलला मी शत्रू मानत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून खंडशः निघू लागलेला मराठी विश्वकोश आज कोणालाही फुकट वाचता येतो, आणि तो मीही पडद्यावरच वाचतो. नोंद वाचायला पडदा पुरतो. पण कादंबरीच्या पहिल्या तीस-चाळीस पानांत लेखक गाव, घर, नाती आणि जुनी वैरे मांडत असतो आणि ती सगळी लक्षात ठेवून पुढे जायचे असते; मध्येच एक संदेश आला, त्याला उत्तर दिले की कोण कुणाचा मामा हेच विसरायला होते, आपण पुन्हा दोन पाने मागे जातो आणि तिसऱ्यांदा असे झाले की पुस्तक मिटतो. ही लेखकाची चूक नसते आणि तुझ्या बुद्धीचीही नसते.

म्हणून रात्री जेवणानंतरचा अर्धा तास मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. नुसता पालथा घालून भागत नाही. हातात पेन घेऊ नकोस. सुरुवात जाडजूड कादंबरीने न करता कथासंग्रहाने किंवा एखाद्या आत्मकथनाने कर, कारण एका बैठकीत एक कथा पूर्ण झाली की मनाला शेवटापर्यंत जाण्याची गोडी लागते. पन्नास पानांनंतरही पुस्तक आवडले नाही तर खुशाल सोड. नावाजलेले पुस्तक सोडायला मुले उगीच घाबरतात. आणि पुस्तक विकत घेण्यापेक्षा आधी ग्रंथालयातून आण, कारण परत करायची तारीख असली की वाचन पुढे ढकलले जात नाही. तू लोकमान्य नगरहून मेट्रोने येतेसच. झाशी राणी चौकात उतरलीस की १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची वास्तू जवळच आहे. तिथे चौकशी कर, किंवा तुझ्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची सभासद हो. तिथली वर्गणी सहसा परवडण्याजोगी असते.

यामुळे अभ्यास बुडेल, ही तुझी भीती मला पटत नाही. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत आता वर्णनात्मक उत्तरे आणि निबंध लिहायचे आहेत, आणि नोट्स पाठ करून सलग, स्वतःच्या शब्दांतला निबंध उतरत नाही. तरीही कृपा करून निबंधासाठी म्हणून कथा वाचू नकोस, नाहीतर हायलायटर पुन्हा हाती येईल.

पुढच्या पत्रात कोणते पुस्तक आणलेस ते कळव, आणि मध्येच सोडलेस तर कोणत्या पानावर व का, तेही सविस्तर लिही.

तुझा शुभचिंतक