मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात राहतो. घरात चौघं : मी, मिस्टर (वय ५२), कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. मिस्टरांना टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे, तरी बीपीचा वरचा आकडा १५०च्या खाली येत नाही. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात. पण आमच्याकडे वरून मीठ कुणीच घेत नाही. आता मी सैंधव आणलंय. मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा लो सोडियम मीठ आण. मिस्टर रबाळ्याच्या कारखान्यात दिवसभर घामाने भिजतात, त्यांचं मीठ कमी करून चालेल का? सासूबाई म्हणतात, मीठ तोडलं की चक्कर येते.

उत्तर : सगळं लिहिलंत, पण एक किलोचा पुडा किती दिवस जातो ते राहिलं. माझ्या पाचपाखाडीच्या दवाखान्यात मी आधी तेच विचारते. ‘आम्ही मीठ कमीच खातो’ असं प्रत्येक घराला वाटतं, पुड्याला मात्र काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. चौघांचे झाले २० ग्रॅम. त्या हिशोबाने किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा. महिन्यात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, पाव, बाहेरची मिसळ काहीच धरलेलं नाही. स्टेशनवरचा वडापाव तुमच्या पुड्यातून येत नाही.

पापडाचं तर दुहेरी आहे. त्यात मीठ असतंच, शिवाय पापडखार असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार. ढोकळ्यातला खायचा सोडाही त्यातलाच, जिभेला खारट लागत नाही एवढंच. फरसाणाच्या पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणा. ८०० लिहिलं असेल, तर दोन ग्रॅम मीठ झालं.

हे सोडियम रक्तात पाणी धरून ठेवतं. नळ्या त्याच, आत पाणी जास्त, म्हणून दाब वाढतो. बरीच वर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाची डावी भिंत जाड होते, मूत्रपिंडाच्या गाळण्या खराब होतात. लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, त्यामुळे मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तर जपावंच. आणि या सगळ्यात दुखत-खुपत काही नाही. मीठ दिवसाला चार-साडेचार ग्रॅमने उतरवलं, तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा साधारण पाचाने खाली येतो. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्यानेही पक्षाघाताचा धोका कमी होतो. गोळी मात्र चालूच ठेवायची.

सैंधवाबद्दल सरळ सांगते : तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. उपासाला जरूर वापरा, पण बीपीसाठी त्याचा उपयोग नाही. उलट त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, फक्त थोडं.

मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्या घरात तो जपून घ्यायला हवा. लो सोडियम मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० गावांत २१ हजारांच्या आसपास लोकांना घेऊन झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं मीठ खाणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी दिसला. पण टेल्मिसार्टनने शरीरात पोटॅशियम साठू शकतं. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल, तर ते वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. तेव्हा मिस्टरांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच तो पुडा घरी आणा.

घामाचं म्हणाल, तर रोजच्या जेवणातून गेलेलं मीठ भरून निघतं. त्यांना पाणी पाजा, दुपारी बेताच्या मिठाचं ताक द्या. सासूबाईंची चक्कर वेगळी गोष्ट आहे. त्यांचं बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही घ्यायला सांगा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तातलं सोडियम मुळातच कमी असू शकतं. तपासल्याशिवाय त्यांचं मीठ तोडू नका.

कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद करा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमटीतलं हळूहळू उतरवा, आमसूल किंवा लिंबू थोडं वाढवा. जीभ काही आठवड्यांत सरावते. मुलगा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

प्रश्न : बीपी आहे, पण आम्ही कोळी. सुकी मासळी पूर्ण बंद करायची का? (वाचक, चेंदणी, ठाणे)

उत्तर : सगळी नाही. जवळ्याला आणि वलांडीवर (मासळी वाळवायच्या दांड्यांवर) वाळवलेल्या बोंबलाला सहसा मीठ लावलेलं नसतं, ते खा. मिठात मुरवलेला खारा बांगडा, खारी सुरमई मात्र वर्षातून कधीतरी, तेही दोन-तीन पाणी बदलून भिजवल्यावर. आणि त्या कालवणात वेगळं मीठ घालू नका.