सीएफडीत (संगणकावर द्रव-वायूंचे प्रवाह सोडवण्याच्या शास्त्रात) नव्याने येणाऱ्याला

पवईला, आयआयटीत, पीएचडीला लागलास, छान झालं. पहिलं वर्ष मात्र तयार सॉफ्टवेअरची बटणं दाबण्यात घालवू नकोस. लिड-ड्रिव्हन कॅव्हिटीचा कोड स्वतः लिही. द्रवाने भरलेली चौकोनी पोकळी, वरचं झाकण सरकतंय, बाकी भिंती स्थिर, एवढंच. घिया आणि सहकाऱ्यांनी 1982 साली रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहात चिकटपणाच्या तुलनेत जडत्व किती, ते सांगणारा आकडा) 100 ते 10,000 साठी दिलेले आकडे आजही ताडून बघायला वापरतात. मधल्या उभ्या रेषेवरचा वेग त्यांच्याशी जुळव. मग जाळी (हिशेबासाठी पोकळीचे पाडलेले बारीक चौकोन) दोन्ही दिशांना दुप्पट बारीक कर. उत्तर चांगलंच हललं, तर आधीच्या उत्तरावर पेपर लिहायला बसू नकोस!

वेग आणि दाब यांचा मेळ घालणाऱ्या सिम्पल (SIMPLE) पद्धतीची एक फेरी तरी कागदावर कर. अंदाजे दाब धरून वेग काढायचा, त्यात वस्तुमानाचा हिशेब चुकतो, म्हणून दाब सुधारायचा, की पुन्हा पहिल्यापासून. 1972 मध्ये स्पाल्डिंग यांच्याबरोबर ही पद्धत मांडणारे सुहास पाटणकर आपल्या पवईतच एम.टेक. झालेले, बरं का.

रेसिड्युअल (समीकरणांत अजून उरलेली तफावत) खाली आले म्हणजे उत्तर बरोबर, असं भलेभले धरून चालतात. आत किती वस्तुमान आलं आणि बाहेर किती गेलं, ते स्वतः मोज. रंगीत चित्रं गाईडना नंतर दाखव.

प्रयोग करणाऱ्या लॅबमधल्या मुलांशी ओळख वाढव. मोजलेला डेटा त्यांच्याकडेच मिळेल. आणि पावसाळ्यात मोठा रन लावताना रीस्टार्ट फाइल (रन मध्येच बंद पडला तर तिथून पुढे सुरू करायला लागते ती) ठरावीक वेळाने लिहिली जातेय ना, हे बघूनच लोकल पकड.