इनोकीच्या लढती ठरवून केलेल्या असत, तर जपानमध्ये त्याला एवढं का मानतात?

निकाल ठरलेले असत, हे आधीच मान्य करून टाकतो. पुरोरेसु, म्हणजे जपानची व्यावसायिक कुस्ती, तशीच चालते. जिंकणार कोण हे पडद्यामागे ठरतं, मार मात्र बऱ्यापैकी खरा बसतो. पण ‘आमची कुस्तीच सगळ्यात भारी’ हे जपानी मल्ल अँटोनियो इनोकी आयुष्यभर सांगत राहिला आणि ते पटवण्याच्या नादात दोन-तीनदा अशा लढतींत उतरला जिथे काहीच ठरलेलं नव्हतं. त्याचं नाव त्यातून झालं. पुढे त्याने स्वतःच्याच कंपनीचं जे वाटोळं केलं, तेही त्यातूनच.

मूळ नाव कांजी इनोकी, जन्म १९४३, योकोहामा. वडील लहानपणीच गेले. १९५७ मध्ये सगळं कुटुंब बोटीने ब्राझीलला निघालं, आजोबा वाटेतच वारले. पोरगा कॉफीच्या मळ्यात राबला आणि गोळाफेक, थाळीफेक करू लागला. १९६० मध्ये रिकिदोझान ब्राझीलला गेला असताना त्याने या उंच पोराला हेरलं. रिकिदोझान म्हणजे पुरोरेसुचा जनक, गोऱ्या पैलवानांना लोळवून युद्धात हरलेल्या देशाला सुखावणारा. (तो जन्माने कोरियन होता, पण ही गोष्ट तेव्हा दडवून ठेवलेली होती.) त्याने इनोकीला जपानला परत आणलं. ३० सप्टेंबर १९६० ला एकाच कार्यक्रमात दोन नवखे पहिल्यांदा रिंगणात उतरले, इनोकी आणि जायंट बाबा. आपापल्या लढतीत बाबा जिंकला, इनोकी हरला. हे शल्य त्याला शेवटपर्यंत पुरलं असावं, असं मला वाटतं.

१९६३ मध्ये नाइटक्लबमधल्या भांडणात चाकू लागून रिकिदोझान मेला. १९७१ च्या अखेरीस इनोकीची रिकिदोझानच्या जुन्या संघटनेतून हकालपट्टी झाली आणि १९७२ मध्ये त्याने न्यू जपान प्रो रेसलिंग ही स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी बाबाने ऑल जपान काढली. बाबाचे अमेरिकेतल्या प्रवर्तकांशी घट्ट संबंध, त्यामुळे तिकडचे नावाजलेले मल्ल त्याच्याकडे जायचे. इनोकीला जे मिळतील त्यांच्यावर भागवावं लागे. त्यात कॅनडात स्थायिक झालेला एक पंजाबी होता, टायगर जीत सिंग. १९७३ मध्ये या जीत सिंगने टोकियोच्या शिंजुकूमध्ये, इसेतान या मोठ्या दुकानाबाहेर, बायकोबरोबर खरेदीला आलेल्या इनोकीवर भर रस्त्यात हल्ला केला. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. नाटक म्हणावं तर रक्त आलेलं, खरं म्हणावं तर दोघांचीही तिकिटं त्यानंतर धडाधड खपली! जपानी चाहते अजून त्यावर वाद घालतात.

मग त्याने दुसऱ्या खेळांतले विजेते बोलवायला सुरुवात केली. म्युनिक ऑलिंपिकमध्ये ज्यूदोची दोन सुवर्णपदकं मिळवलेला विलेम रुस्का १९७६ च्या फेब्रुवारीत आला. ती लढत ठरलेली होती. जूनमध्ये आला मुहम्मद अली.

२६ जून १९७६, टोकियोचं निप्पॉन बुदोकान सभागृह. अलीला साठ लाख डॉलर कबूल केले होते. अलीच्या बाजूची समजूत अशी की हा एक तमाशा असणार. इनोकी ऐकेना. शेवटी खरी लढत ठरली, पण इनोकीवर इतके निर्बंध आले की उभ्याने लाथ मारायचीही सोय उरली नाही, असं सांगितलं जातं. म्हणून पठ्ठ्या पाठीवर झोपला आणि पंधरा फेऱ्या झोपल्या झोपल्या अलीच्या पायावर लाथा घालत राहिला. अली त्याला ‘उठ, उठ’ म्हणत भोवती फिरत होता, त्याचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लढत बरोबरीत सुटली. लोकांनी रिंगणात कचरा फेकला, वर्तमानपत्रांनी दोघांची सालटी काढली. पण अलीच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या आणि त्याला इस्पितळात जावं लागलं. पुढे मिश्र मार्शल आर्ट्सचा, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ मोठा झाला, आणि जमिनीवरून उभ्या माणसाशी लढणं कसलं असतं हे कळणाऱ्या लोकांनी ही लढत नव्याने पाहिली. इनोकी मात्र कर्जात बुडाला होता.

त्याच डिसेंबरमध्ये कराचीची लढत झाली. आपल्याला जास्त जवळची वाटावी ती ही. समोर अक्रम पैलवान, भोलू पैलवानाचा भाऊ, म्हणजे गामाचा सख्खा पुतण्या. आयत्या वेळी अक्रमच्या बाजूने खरी कुस्ती मागितली गेली, असं जपानी मंडळी सांगतात. वयाने मोठा असलेला अक्रम मातीतल्या कुस्तीत वाढलेला. तिथे पाठ टेकली की निकाल. हात पिरगळून सांधा उखडण्याचे डाव त्याच्या तालमीत कोण शिकवणार? तिसऱ्या फेरीत इनोकीने हाताला कुलूप घातलं, अक्रम शरण येईना, खांदा गेला. स्टेडियम सुन्न. तीन वर्षांनी लाहोरला अक्रमचा पुतण्या झारा उभा राहिला, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. पाच फेऱ्यांत निकाल लागला नाही तेव्हा इनोकीने स्वतःच झाराचा हात वर केला. पाकिस्तानात त्याला आजही प्रेमाने आठवतात ते यासाठी.

एवढं झाल्यावर त्याच्या ठरलेल्या लढतीही लोक श्वास रोखून बघायचे. १९८३ मध्ये अमेरिकन मल्ल हल्क होगनने त्याला रिंगणाबाहेर पाडलं आणि इनोकी जीभ बाहेर आलेल्या अवस्थेत बेशुद्ध पडला. तो अपघात होता की इनोकीने कोणालाही न सांगता रचलेला शेवट, हे आजवर सुटलेलं नाही.

राजकारण थोडक्यात सांगतो. १९८९ मध्ये तो वरिष्ठ सभागृहावर निवडून आला आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये बगदादला क्रीडामहोत्सव भरवून सद्दामने अडकवलेल्या जपान्यांना घेऊन आला. माझ्या मते त्याचं हे काम कुठल्याही लढतीपेक्षा मोठं. १९९५ ला उत्तर कोरियातल्या प्याँगयांगमध्ये अमेरिकन मल्ल रिक फ्लेअरशी लढला, १९९८ ला टोकियो डोममध्ये निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर त्याने आपल्या कंपनीच्या ठरलेल्या लढतींतल्या तगड्या मल्लांना खऱ्या मारामारीत ढकललं. २००१ च्या शेवटच्या रात्री युजी नागाताला किकबॉक्सर मिर्को क्रो कॉपसमोर उभं केलं. एकवीस सेकंदांत खेळ खलास. चाहत्यांचा विश्वास उडाला, गर्दी ओसरली, आणि २००५ मध्ये इनोकीने आपला हिस्सा विकला. अलीसमोर तो स्वतः पडून राहिला होता. इथे दुसऱ्यांची कातडी पणाला लावली. हे मला त्याच्याबाबतीत कधीच पटलं नाही.

बघायचंच असेल तर अलीची लढत पूर्ण बघू नका, पहिल्या तीन-चार फेऱ्या पुरेत. त्यापेक्षा डिसेंबर १९७५ ची, इंग्लिश मल्ल बिली रॉबिन्सनविरुद्धची शोधा. साठ मिनिटं, एक-एक बरोबरी, ठरलेली. तरीही डाव आणि तोड यांची अशी जुगलबंदी आहे की तालमीत वाढलेल्या माणसालाही नावं ठेवता येणार नाहीत.