निकालपत्र हातात येऊ दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा आपल्या अशील बाईला शिक्षा झाल्याचा निकाल ऐकून दिवाळीपुऱ्याच्या कोर्टातून बाहेर पडताना तू म्हणालीस, "काका, आपल्याकडे ज्यूरी असती तर ती बाई सुटली असती." तुझे डोळे भरले होते, म्हणून मी गप्प राहिलो. आज लिहितो.

ज्यूरी, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष याचा कौल देणारी साधी नागरिक माणसं, म्हटलं की मला टिळक आठवतात. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईत नऊ ज्यूरर बसले होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन, दोषी. कशामुळे दोषी, ते ज्यूरीला सांगावं लागत नाही. मग त्या सातांशी वाद तरी कुठे घालायचा? अर्थात न्यायाधीशाने तरी टिळकांना कुठे वाचवलं? १८९७ साली त्यांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दावरच १९०८ ला न्यायासनावर होते, आणि सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच सुनावली.

आता आपल्या बडोद्याचं बघ. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला आणि १८७५ साली सहा जणांचा आयोग बसला. ती ज्यूरी नव्हती, पण माणसं आपापल्या बाजूने कशी विभागली जातात ते तिथे दिसतं. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी मानलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. गादी गेलीच, कारण गैरकारभाराचं दिलं. तरीही त्या तिघांनी आपलं मत स्वतंत्रपणे लिहून ठेवलं, म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण त्यावर बोलू शकतो. मला लिहिलेल्या कारणाचं मोल वाटतं ते यासाठी.

नवा होतो तेव्हा मीही एक खटला हरलो होतो. घरी येऊन जेवलो नाही. आठवड्याने निकालाची नक्कल मिळाली. त्यात लिहिलं होतं की साक्षीदाराने रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात आरोपीला ओळखलं. पंचनाम्यात दिव्याचा खांबच नव्हता! त्या एका वाक्यावर अपील उभं राहिलं आणि माझा अशील सुटला. ज्यूरी असती तर मला 'दोषी' एवढा एकच शब्द मिळाला असता.

नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली, त्या खटल्यामुळे ज्यूरी गेली असं सगळे म्हणतात. पण विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि तो गोळीबार झाला १९५९ मध्ये. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेल्या नानावटींना पुढे उच्च न्यायालयाने दोषी धरलं.

तुझ्या मनातलं मला कळतं. त्या बाईचं घर, तिची भीती, रात्री दार न उघडण्यामागचं कारण चार साध्या माणसांना चटकन कळलं असतं. ज्यूरीबरोबर आपण हे गमावलं, हे मी मान्य करतो. म्हणून अपिलाचे मुद्दे काढण्याआधी ही केस तुझ्या आजीला सांग, एकही कलम न उच्चारता. ती जिथे "म्हणजे काय गं?" असं विचारेल, तिथे आपला युक्तिवाद कच्चा आहे.

आणि रडत बसू नकोस. सही-शिक्क्याच्या नकलेसाठी उद्याच अर्ज टाक. सेशन्सच्या शिक्षेवर हायकोर्टात जायला साठ दिवस असतात. नक्कल आली की पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक कारणासमोर कुठल्या साक्षीदाराच्या जबानीतून ते आलं, ते समासात लिही. ज्या कारणासमोर समास कोराच राहील, त्यावर खूण कर आणि रविवारी सकाळी दांडिया बाजारला घरी ये. पंचनामा मी काढून ठेवतो.

तुझा,
काका