रताळी खाल्ल्याने शरीराला नेमका काय फायदा होतो?

सर्वात मोठा फायदा 'अ' जीवनसत्त्वाचा, पण तो रताळ्याच्या रंगावर अवलंबून असतो. आतून केशरी असलेल्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं आणि शरीर त्यातून 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. डोळे, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्तीसाठी ते लागतंच. पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र ते फारच कमी. जांभळ्या रताळ्यात अँथोसायनिन हे अँटिऑक्सिडंट (पेशींचं नुकसान रोखायला मदत करणारं द्रव्य) मिळतं. बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं, म्हणून उकडलेल्या रताळ्यावर चमचाभर तूप किंवा तेल जरूर घ्या. हे बरेच जण विसरतात!

१०० ग्रॅम रताळ्यात साधारण ८६ कॅलरी आणि ३ ग्रॅम तंतू असतात. त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं, साफही होतं. साल स्वच्छ धुऊन तशीच ठेवली तर उत्तम. पोटॅशियमही चांगलं मिळतं.

मधुमेह असेल तर भाजण्यापेक्षा उकडून खा, साखर तुलनेने हळू वाढते. तरी प्रमाण सांभाळाच, कारण शेवटी तो पिष्टमय पदार्थ आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा ऑक्झलेटचे (एका प्रकारच्या क्षाराचे) मुतखडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.