मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवास नेमका किती तासांचा?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी जूनमध्ये मुलीकडे न्यूयॉर्कला जाणार आहोत. तिकिटावर मुंबईहून रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोचण्याची वेळ आहे. परतीचे विमान मात्र सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबईत उतरते. मग प्रवास साडेसहा तासांचा की चोवीस तासांचा? आणि अंतर किती?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तिकिटावर प्रत्येक विमानतळाची स्थानिक वेळ छापलेली असते, त्यामुळे दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणून मगच वजाबाकी करावी. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तेथील सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडील संध्याकाळचे ५.३०, म्हणून जाताना १६ तास लागतील. परतताना विमान सुटेल तेव्हा इथे रात्रीचे ९ वाजलेले असतील, म्हणजे तो प्रवास साडेचौदा तासांचा होईल. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे तासभर मागे घेतात आणि हा फरक साडेदहा तासांचा होतो.)

दोन्ही विमानतळांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरील नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते आणि तीच जवळची वाट वाटते. प्रत्यक्षात त्या वाटेने १४,००० किलोमीटरहून अधिक अंतर पडेल. नातवंडांचा पृथ्वीगोल घरात असेल, तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून अवश्य पाहावे. तो उत्तरेकडे वळून थेट ६५ अंश अक्षांशाच्या आसपास पोहोचतो.

विमानाने नेमके त्याच वाटेने जावे, असे मात्र नेहमी घडत नाही. २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी विमान कंपन्यांना बंद आहे, आणि असा वळसा पडला की वेळ वाढते. दुसरे आणि कायमचे कारण वाऱ्याचे आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ते हिवाळ्यात अधिक जोर धरतात. ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा लागला, तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ८०० वर येतो. तोच वारा पाठीशी असेल, तर १,००० होतो. जाता-येतानाच्या वेळेतील आपला दीड तासाचा फरक मुख्यतः यातूनच पडलेला आहे.

पुणेकरांना न्यूयॉर्कसाठी थेट विमान नसल्यामुळे मुंबई विमानतळापर्यंतचा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ताही हिशेबात धरावा लागतो. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे आणि घाटात वाहने अडकण्याची शक्यताही गृहीत धरायची, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास घर सोडणे योग्य ठरेल. यात तारखेची गल्लत हमखास होते, म्हणून आवर्जून सांगतो : तिकिटावर १० जून, रात्री १.३० असे असेल, तर पुण्याहून ९ जूनच्या संध्याकाळीच निघायचे आहे. मोटार ठरवताना चालकालाही हीच तारीख कळवावी.